यशवंतराव चव्हाण आणि सुट्या नाण्यांचे धातू

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र व्यवहार ही चारही प्रमुख खाती सांभाळलेले भारतीय राजकारणी होते. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ या काळात ते भारताचे अर्थमंत्री होते. त्या चार वर्षांत लोकांच्या खिशातील सुट्या नाण्यांचा धातू मोठ्या प्रमाणावर बदलला. दहा पैसे ॲल्युमिनियमचे झाले, पावली व अधेलीतील शुद्ध निकेल जाऊन तेथे तांबे-निकेलचा मिश्रधातू आला आणि नाणी वितळवणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला. चव्हाणांच्या चरित्रात संरक्षणमंत्रिपद आणि संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न यांनाच सहसा अधिक जागा मिळते. नाण्यांच्या या बदलाची नोंद क्वचितच घेतली जाते, म्हणून येथे ती जरा विस्ताराने केली आहे.

बालपण आणि शिक्षण

चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रे या त्यांच्या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आणि चव्हाणांची कर्मभूमी असलेले कराड सातारा जिल्ह्यात, अशी विभागणी झाली आहे. जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले तेव्हा मुख्यमंत्री चव्हाणच होते.

वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगने वडिलांचे निधन झाले आणि आई विठाबाई यांनी अत्यंत ओढग्रस्तीत मुलांना वाढवले. अशा घरात रुपया क्वचित दिसे. व्यवहार पै, पैसा, ढब्बू आणि आण्यांत चाले. १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा किंवा १९२ पयांचा रुपया ही त्या काळची मोजणी होती. पैसा कांस्याचा होता, आणा तांबे-निकेलचा. चवली, पावली आणि अधेली ही नाणी मूळची चांदीची. परंतु पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर १९१८ साली चवली आणि त्यापाठोपाठ पावली व अधेली तांबे-निकेलमध्ये पाडण्यात आली. धातू महाग झाला की सरकार नाण्यातून तो काढून घेते, हा प्रकार अशा रीतीने चव्हाणांच्या बालपणीच घडून गेला होता.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ओढले गेले. १९३२ साली त्यांना १८ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. सुटकेनंतर १९३४ मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेऊन १९३८ साली पदवीधर झाले आणि १९४१ मध्ये पुण्यातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ते पुण्यात कायदा शिकत असताना, १९४० साली, रुपयातील चांदी बारा भागांपैकी अकरा भागांवरून निम्म्यावर आणण्यात आली. उरलेल्या निम्म्यात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त होते. १९४७ च्या रुपयात चांदी अजिबात उरली नाही. तो शुद्ध निकेलचा होता.

राजकीय वाटचाल

२ जून १९४२ रोजी चव्हाणांचा विवाह फलटणच्या वेणूताईंशी झाला आणि दोनच महिन्यांत 'भारत छोडो' आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्ह्यात ते भूमिगत राहून काम करत होते. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. १९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले व गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. १९५२ मध्ये पुरवठामंत्रिपद आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुढची अडीच वर्षे त्यांनी राज्याची घडी बसवली. पंचायत राज्य, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना शुल्कमाफी, सहकारी साखर कारखान्यांना पाठबळ आणि साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना ही त्या काळातील कामे सर्वपरिचित आहेत.

मुख्यमंत्रिपदाच्या याच कालखंडात, १ एप्रिल १९५७ रोजी, देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. १०० नव्या पैशांचा रुपया बाजारात, एसटीत आणि शाळेच्या अंकगणितात एकदमच आला, आणि आण्यांचे नव्या पैशांत रूपांतर करताना अपूर्णांकाचा तोटा कोणी सोसायचा यावरून दुकानदार-गिऱ्हाइकांत पुष्कळ काळ कुरबुरी चालल्या. 'नवा' हा शब्द १ जून १९६४ पासून वगळण्यात आला.

चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि २७ जून १९७० रोजी अर्थमंत्री.

अर्थमंत्री आणि टांकसाळ

भारतात नोटा आणि नाणी यांचे धनी वेगळे आहेत. दोन रुपये व त्यावरील नोटा रिझर्व्ह बँक काढते. नाणी मात्र भारत सरकार पाडते आणि रिझर्व्ह बँक ती केवळ वितरित करते. एक रुपयाची नोटदेखील सरकारची असल्याने तिच्यावर गव्हर्नरांऐवजी अर्थसचिवांची सही असते. मुंबई, कलकत्ता (अलीपूर) व हैदराबाद येथील टांकसाळी त्या वेळी थेट अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत होत्या. नाण्याचे वजन, आकार आणि धातू ठरवण्याचा अधिकार १९०६ च्या भारतीय नाणे अधिनियमानुसार केंद्र सरकारला होता. थोडक्यात, पाच पैशांच्या नाण्यात काय असावे हा अर्थमंत्र्यांच्या खात्याचा प्रश्न होता.

चव्हाणांच्या हाती खाते आले तेव्हा हा प्रश्न निकडीचा झालेला होता. दशमान पद्धतीतील पहिली नाणी त्या काळच्या भावांना अनुसरून आखलेली होती. १ नवा पैसा दीड ग्रॅम कांस्याचा होता आणि कांस्य म्हणजे जवळजवळ सगळे तांबेच. २, ५ आणि १० नवे पैसे अनुक्रमे ३, ४ व ५ ग्रॅम वजनाचे असून ते तीन भाग तांबे व एक भाग निकेल अशा मिश्रधातूचे होते. २५ पैसे, ५० पैसे आणि रुपया ही नाणी शुद्ध निकेलची, अडीच, पाच व दहा ग्रॅमची होती.

या आकड्यांवरून एक साधा हिशेब करता येतो. कांस्याचे एक-एक पैसे एक किलो भरतील इतके घेतले तर ती सुमारे ६६७ नाणी होतात. त्यांची दर्शनी किंमत ६ रुपये ६७ पैसे. २ पैशांच्या नाण्यांचाही किलोचा हिशेब तितकाच येतो. ५ पैशांचे किलोभर नाणे साडेबारा रुपयांचे आणि १० पैशांचे वीस रुपयांचे. बाजारात तांब्याचा किंवा तांबे-निकेलचा भाव या आकड्यांच्या वर गेला, की नाणे म्हणून चालवण्यापेक्षा ते धातू म्हणून विकणे फायद्याचे ठरते. सर्वांत लहान नाणे सर्वांत आधी धोक्यात येते, ते यामुळेच. उलट २५ पैसे, ५० पैसे आणि रुपया या तिन्हींचा हिशेब नेमका किलोला १०० रुपये असा एकसारखा येतो. शिवाय निकेल १४५५ अंश सेल्सियसला वितळते. साध्या भट्टीत ते वितळवणे अवघड, कांस्य मात्र सहज रस होते.

मराठीत सुट्या पैशांनाही मोड म्हणतात आणि फुटक्यातुटक्या भांड्यांच्या धातूलाही मोड म्हणतात. साठच्या दशकात धातूंचे भाव चढत गेले तेव्हा हे दोन्ही अर्थ व्यवहारातही एकमेकांत मिसळू लागले.

ॲल्युमिनियमकडे

त्यावर उपाय म्हणून सरकारने हलक्या धातूकडे मोर्चा वळवला. याची सुरुवात चव्हाणांनी केलेली नाही. ते श्रेय किंवा अपश्रेय त्यांच्या पूर्वसूरींचे आहे. १९६४ मध्ये षट्कोनी ३ पैसे, १९६५ मध्ये १ व २ पैसे आणि १९६७ मध्ये चौकोनी ५ पैसे ॲल्युमिनियमचे आले. ॲल्युमिनियम नरम असल्याने त्यात थोडे मॅग्नेशियम मिसळले जाई. १ पैशाचे नवे नाणे केवळ पाऊण ग्रॅमचे होते. एका किलोत अशी १३३३ नाणी बसत आणि त्यांची दर्शनी किंमत १३ रुपये ३३ पैसे होई, म्हणजे कांस्याच्या नेमकी दुप्पट, तीही तांब्याहून स्वस्त धातूत.

१० पैशांचे नाणे या बदलात सर्वांत उशिरा आले. ते १९६८ पासून तांबे, जस्त व निकेल यांच्या पिवळसर मिश्रधातूत, निकेल-ब्रासमध्ये, पाडले जात होते. त्याच वर्षी निघालेले २० पैशांचे पिवळे नाणे लोकांत फारसे रुजले नाही. १९७१ पासून, म्हणजे चव्हाण अर्थमंत्री असताना, १० पैसेही ॲल्युमिनियमचे झाले. २६ मिलिमीटर व्यासाचे, कडेला पाकळ्या असलेले हे नाणे आकाराने पूर्वीच्या तांबे-निकेल नाण्याहून मोठे, पण वजनाने जेमतेम २.३ ग्रॅमचे होते. किलोभर नाण्यांची दर्शनी किंमत वीस रुपयांवरून साडेत्रेचाळीस रुपयांच्या आसपास गेली. वितळवणाऱ्याला आता त्यात काही उरले नाही.

ॲल्युमिनियम निवडण्यामागे आणखी एक कारण होते. निकेल भारतात काढले जात नव्हते, ते परकीय चलन खर्चून आणावे लागे; ॲल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट मात्र देशात मुबलक होते. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या पठारांत, सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतही, त्याचे साठे आहेत. ही नाणी हातात हलकी लागत, लवकर काळवंडत आणि त्यांचा खणखणाट नसे. त्यामुळे लोकांनी त्यांना मान दिला नाही हे खरे, पण ती बाजारात टिकली.

सुटी नाणी गुन्हे अधिनियम, १९७१

धातू बदलला तरी आधी पाडलेली कोट्यवधी जुनी नाणी लोकांकडे होतीच. त्यांचे काय करायचे याचे उत्तर सरकारने कायद्यात शोधले. १९७१ साली संसदेने सुट्या नाण्यांसंबंधीच्या गुन्ह्यांचा अधिनियम (१९७१ चा ५२ वा) संमत केला. एक रुपयाहून कमी मूल्याची नाणी वितळवणे, नष्ट करणे आणि त्या हेतूने साठवणे यांवर त्याने बंदी घातली.

कायद्याची गरज समजण्यासाठी नाणेटंचाईचा फटका कोणाला बसतो ते पाहावे लागते. शंभराच्या नोटेने खरेदी करणाऱ्याला पाच पैसे नसल्याने काही अडत नाही. पाच पैशांची मीठ-मिरची, दहा पैशांचा चहा घेणाऱ्याचे मात्र सारेच अडते. सुटे नाहीत म्हणून दुकानदार गोळी किंवा काडेपेटी हातावर ठेवतो, एसटीचा वाहक तिकिटाच्या पाठीमागे येणे रक्कम लिहून देतो आणि उतरण्याच्या घाईत ती बहुधा राहून जाते. खासगी धातूची टिकली पाडून चिल्लरीचे काम भागवावे, तर १८८९ च्या कायद्याने त्यालाही मनाई होती. काही व्यापारी किलोमागे चार रुपये कमावतात, ते अशा लोकांच्या पदरातून.

तरीही कायद्याची मर्यादा उघड होती. बंद दाराआड वितळलेल्या धातूवर सिंहमुद्रा उरत नाही आणि तांब्याच्या रसातून कोणता पैसा कोणाचा हे सांगता येत नाही. नाण्यांच्या बाबतीत खरी परिणामकारक तरतूद धातू बदलण्याचीच होती. कायद्याने फार तर जुनी नाणी बाजारातून जाण्याचा वेग कमी केला असेल.

१९७१ हे वर्ष एरवीही कठीण होते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचा भार उचलण्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट सक्तीचे करण्यात आले. ज्या पाच पैशांच्या नाण्याला कोणी विचारत नव्हते, ते आता प्रत्येक पत्रामागे लागू लागले. डिसेंबरात युद्ध झाले.

पावली आणि अधेली

चव्हाणांच्या काळातील दुसरा बदल निकेलचा. १९६९ साली कॅनडातील निकेल खाणींमध्ये दीर्घ संप झाला आणि जगभर निकेलचे भाव भडकले. किलोला १०० रुपये ही सुरक्षित वाटणारी मर्यादा आता तितकी सुरक्षित राहिली नव्हती, आणि आयातीचा बोजा तर होताच. १९७२ पासून २५ व ५० पैशांची नाणी तांबे-निकेलमध्ये पाडली जाऊ लागली. वजन तेच ठेवले, व्यासही १९ व २४ मिलिमीटर असा तोच. निकेल मात्र एक चतुर्थांशावर आले.

हा बदल बहुतेकांच्या लक्षातही आला नाही. तांब्यात पाव हिस्सा निकेल मिसळले की तांबूस रंग पार जातो आणि मिश्रण चांदीसारखे पांढरे दिसते. म्हणून जुनी व नवी अधेली शेजारी ठेवली तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही. तो ओळखायला चुंबक लागतो. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते, तांबे-निकेल चिकटत नाही. १९७१ पर्यंतची अधेली आणि १९७२ नंतरची अधेली या एवढ्या चाचणीने वेगळ्या करता येतात. मात्र १९८८ पासूनची पोलादी नाणीही चुंबकाला चिकटतात, तेव्हा नाण्यावरील वर्ष आधी वाचावे.

स्मारक नाण्यांतही हीच कथा दिसते. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ च्या दहा रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी होती. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्यात ती ५० टक्के झाली. १९७४ च्या दहा रुपयांच्या नाण्यात चांदी नव्हतीच, ते तांबे-निकेलचे होते. १९७३ मध्ये अन्नोत्पादन वाढवण्याचा संदेश देणारी ५० पैशांची नाणी निघाली, तेव्हा महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता आणि सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील तालुक्यांत हजारो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. मजुरी वाटायला तीच चिल्लर लागत होती.

टीका आणि मूल्यमापन

अर्थमंत्री म्हणून चव्हाणांच्या कारकिर्दीत सर्वसाधारण विमा आणि कोळसा खाणी यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७३-७४ चा त्यांचा अर्थसंकल्प ५५० कोटी रुपयांच्या तुटीमुळे काळा अर्थसंकल्प म्हणून ओळखला जातो. युद्ध, सलग अवर्षण आणि ऑक्टोबर १९७३ नंतरची तेलाची भाववाढ यांमुळे महागाई वाढली आणि १९७४ पर्यंत ती असह्य झाली. महागाईचा नाण्यांवरचा परिणाम दुहेरी असतो: धातू महागतो आणि नाण्याने विकत घेता येणारी वस्तू लहान होत जाते. धातू बदलून पहिल्या बाजूवर इलाज झाला, दुसऱ्या बाजूवर टांकसाळीकडे इलाज नसतो. सत्तरच्या दशकात १, २ आणि ३ पैशांची नाणी पाडणे टप्प्याटप्प्याने थांबले, ते या दुसऱ्या कारणाने. त्यांत घेण्यासारखे काही राहिले नव्हते, आणि ती पाडण्याचा खर्चही परवडेनासा झाला.

चव्हाणांच्या भाषणांतून वा आठवणींतून त्यांची ओळख करून घेणाऱ्या वाचकाला नाण्यांचा विषय गौण वाटेल. प्रशासक म्हणून त्यांची रीत मात्र यातही दिसते. आधीचे धोरण त्यांनी मोडले नाही, गाजावाजा न करता पुढे नेले आणि खात्यातील तज्ज्ञांना काम करू दिले.

उत्तरायुष्य

१० ऑक्टोबर १९७४ रोजी चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. एक रुपयाचे आठ ग्रॅमचे तांबे-निकेल नाणे १९७५ मध्ये आले तेव्हा अर्थखाते त्यांच्याकडे नव्हते. १९७७ च्या सत्तांतरानंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते होते आणि १९७९ मध्ये चरणसिंग मंत्रिमंडळात उपपंतप्रधान व गृहमंत्री. पुढे आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले आणि त्यानंतर ते खचले. 'कृष्णाकाठ' हे त्यांचे आत्मचरित्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

त्यांच्या काळातील नाणी त्यानंतरही बरीच वर्षे चालत राहिली. १९८८ पासून १०, २५ व ५० पैसे आणि १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलमध्ये पाडला जाऊ लागला. २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. त्याच वर्षीच्या नव्या नाणे अधिनियमाने १९०६ च्या कायद्याबरोबर १९७१ चा सुट्या नाण्यांचा कायदाही रद्द केला. नाणी वितळवण्यावरील बंदी मात्र नव्या कायद्यात कायम ठेवून ती सर्व मूल्यांच्या नाण्यांना लागू करण्यात आली.